शेजारचा चहा

त्या गृहस्थांनी पाण्याचं विचारलं नाही, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली.

अहो, मिरजेत खोली बघायला आलेला माणूस उंबऱ्यातनंच विचारतो, पाणी किती वेळ येतं? मग नळ सोडून बघतो, मोरीत डोकावतो, छताला ओल आहे का बघतो. हे गृहस्थ मात्र आत आले ते सरळ मागच्या खिडकीशी गेले आणि गज धरून उभे राहिले. मागं दुसऱ्या घरांची परसं होती, दोऱ्यांवर कपडे वाळत होते. ते एकेका दोरीकडं निवांत बघत होते. परकराकडं, लुगड्याकडं, पंजाबी ड्रेसकडं.

"हवेशीर आहे," अप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले.

"हं," ते म्हणाले. "दुसरी बघू या का, बाळ?"

हे 'बाळ' मला होतं. मी सव्वीस वर्षांची घोडी, लग्नाचं नाव काढलं की अंगावर जाणारी, आणि हे मला बाळ म्हणत होते! पण आवाज असा मऊ की वाईटही वाटू नये. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा, कपाळाला चंदनाची टिकली. सकाळी ऑफिसात आले तेव्हाच सांगितलं होतं, "मी नाईक. रिटायर्ड हेडमास्तर. मंडळींना छातीचा आजार आहे, इथल्या दवाखान्यात वरचेवर आणावं लागणार. एक खोली पाहिजे."

अप्पा खूश. अशी माणसं म्हणजे आमच्या धंद्याचा कणा.

आमची शिरगुप्पे इस्टेट एजन्सी माझ्या आजोबांनी सुरू केली. एजन्सी कसली, दवाखान्यासमोर चिंचेखाली एक बाकडं आणि खिशात किल्ल्यांचा जुडगा. कर्नाटकातनं, सोलापूरकडनं लोक पेशंट घेऊन यायचे आणि राहायचं कुठं म्हणून फुटपाथवर बसायचे. आजोबा त्यांना खोली बघून द्यायचे. पण अनोळखी माणसाला घरात घ्यायला कोण धजतंय? म्हणून आजोबांनी एक रीत पाडली. खोली पसंतीला उतरतेय असं दिसलं की गिऱ्हाइकाला शेजारच्या घरी चहाला न्यायचं. त्यानं शेजार बघायचा, शेजारानं त्याला बघायचं. आणि शेजारी 'नको' म्हणाला तर मालकानं कितीही आदळआपट केली तरी खोली द्यायची नाही. कारण विचारायचं नाही.

या चहावर आमची एजन्सी उभी राहिली. आणि अप्पा तर या चहाचे राजेच. नव्या भाडेकरूची सगळी जन्मकहाणी ते शेजाऱ्याला सांगायचे आणि शेजाऱ्याची त्याला. "भिंतींचं थोडं इकडंतिकडं चालतं," म्हणायचे, "पण माणसाचं खोटं सांगायचं नाही." खोटं राहू द्या, खरंसुद्धा त्यांच्याजवळ राहत नसे. अप्पांच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. मिरजेत कोण कुठल्या खोलीत राहतं, कुणाचं कुणाशी पटत नाही, कुणाला दिवस गेलेत, सगळं त्यांना पाठ, आणि सगळं गल्लीला ऐकवलेलं.

दिवाळीनंतर शैला आणि दिलीप आमच्याकडं आले, तेव्हाही त्यांनी तेच केलं.

पळून आलेली पोरं होती. जातीबाहेरचं लग्न. तिच्या भावांनी दिलीपच्या बापाची कडब्याची गंज पेटवली होती. गावाकडच्या ठाण्यात दाद मागायला गेली, तर तिथल्या हवालदारानं पोरीच्या घरीच फोन लावला. मग दोघं रातोरात निघाली. शैला माझ्यासमोर बसून म्हणाली, "ताई, भाऊ मारतील ती गोष्ट वेगळी. बाबा मारणार नाहीत. बाबा फक्त शोधतील. त्याचं मला जास्त भ्या वाटतं."

अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी त्यांना किल्ल्याकडच्या गल्लीत माडीवरची खोली दिली. खाली हुसेनचाचांचा सतारी बनवायचा कारखाना होता. चहाला नेलं आणि चाचांना, चाचांच्या बायकोला, समोरच्या किराणावाल्याला सगळं सांगून टाकलं. "पळून आलेली पोरं आहेत, बाप मागावर आहे, जरा लक्ष असू द्या." मी घरी येऊन डोकं धरलं. म्हटलं, "अप्पा, लपवायला आणलेल्या पोरीची कुणी दवंडी पिटतं का?" तर म्हणाले, "अगं, शेजाऱ्याला ठाऊक असलं तरच तो मदतीला येतो." आता याला काय म्हणायचं!

दिलीप एका मेडिकल दुकानात लागला. शैलाला दिवस गेले. आणि एप्रिलात हे नाईक मास्तर आले.

दुसरी खोली ब्राह्मणपुरीत होती. तिथंही त्यांनी नळाकडं बघितलं नाही. खिडकीशी उभे राहिले, मग वळून अप्पांना म्हणाले, "शिरगुप्पे, तुमची शेजारच्या चहाची रीत ऐकलीय मी. फार आवडली बघा. मला खोली कशीही चालेल, शेजार तेवढा चांगला द्या. एखादं नवं जोडपं असावं. आमची मंडळी दिवसभर एकटी पडणार. लेकीसारखी एखादी पोरगी जवळ असली, म्हणजे कसं, तिला आधार होईल."

मला शैलाचं 'बाबा फक्त शोधतील' आठवलं.

"आहे की!" अप्पा म्हणाले. चेहरा असा खुलला की बघत राहावं. "किल्ल्याकडं एक माडी आहे. समोरासमोर दोन खोल्या. एक मोकळी, आणि दुसरीत अगदी तुम्ही म्हणता तशी..."

"ती गेली, अप्पा," मी मधेच म्हणाले.

"कुठं गेली? किल्ली माझ्या खिशात आहे!"

"कानडीत सांगावं," मनात आलं. घरात आजीमुळं आम्ही कानडी बोलायचो. मी हसत हसत, काहीतरी किरकोळ विचारल्यासारखं दाखवत अप्पांना कानडीत म्हटलं, तिकडं नेऊ नका, हा माणूस बरा नाही.

अप्पांनी काही म्हणायच्या आत मास्तरच बोलले. कानडीत. माझ्याहून शुद्ध. म्हणाले, म्हाताऱ्या माणसाला कशाला भितेस बाळ, मी काय खातोय का तुला?

आणि हसले. अप्पाही हसले! त्यांना वाटलं, पोरगी उगीच संशयी, मास्तर मोठ्या मनाचे. माझ्याकडं डोळे वटारले वर. मी मनात म्हटलं, झालं, बोंबललं सगळं.

"मी पुढं जाते," मी म्हणाले. "चाचांना चहा टाकायला सांगते."

"नको बाळ," मास्तर म्हणाले. "उन्हात कशाला पळतेस? सगळे बरोबरच जाऊ."

वाटेत मी दोनदा चप्पल तुटल्याचं निमित्त केलं. दोन्ही वेळा ते माझ्याशेजारी उभे राहिले, हातातली छत्री माझ्या डोक्यावर धरून. मी कितीही हळू चालले तरी ते तेवढंच हळू चालत होते. अप्पा पुढं, अखंड बडबडत. हुसेनभाई माणूस कसा देव आहे, गल्ली कशी शांत आहे, वरची पोरगी कशी गुणी आहे. 'वरची पोरगी' म्हणाले तेव्हा मी त्यांच्या पाठीत गुद्दा घालायचा तेवढा बाकी ठेवला. नाव घेतलं नाही एवढंच नशीब.

कारखान्यात चाचा भोपळ्यावर पॉलिश करत बसले होते. भिंतीला अर्धवट सतारी टांगलेल्या. कोपऱ्यातनं लाकडी जिना वर माडीवर जायचा, आणि वर दार बंद होतं. दुपारची वेळ, शैला झोपलेली असणार. मी देवाला म्हटलं, आज तिला संध्याकाळपर्यंत झोपू दे.

चहा आला. मास्तर जिन्याकडं तोंड करून बसले. चाचा मितभाषी माणूस, अप्पांच्या अगदी उलट. त्यांनी मास्तरांकडं एकदा बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. मी नुसती मान हलवली, नको नको अशी. ते पुन्हा मास्तरांकडं बघत बसले.

आणि वर भांडं पडलं. पाठोपाठ बांगड्या वाजल्या.

मास्तरांनी कप खाली ठेवला नाही, काही नाही. "वर कोण आहे?" त्यांनी विचारलं. जसं किती वाजले विचारावं तसं.

अप्पांनी तोंड उघडलं. एवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. मी रडत होते. मला कळलंसुद्धा नव्हतं, पण गालावरनं पाणी वाहत होतं. अप्पा माझ्याकडं बघत राहिले, मग मास्तरांकडं, मग जिन्याकडं. आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आयुष्यात पहिल्यांदा मी अप्पांना गप्प बसलेलं बघितलं.

"वर," अप्पा म्हणाले, "वर टीबीचा पेशंट आहे. आणि त्याची म्हातारी आई. खोकला ऐकवत नाही हो त्याचा. तुमच्या मंडळींना त्रास होईल. आपण दुसरीकडं बघू."

अप्पांचे कान लालभडक झाले होते. खोटं बोलायची सवय लागते, ती त्यांना नव्हती.

"अरेरे," मास्तर म्हणाले. "असू द्या. आमच्याही घरात छातीचंच दुखणं आहे, आम्हाला सवय आहे. मी ही खोली घेतो."

"अहो, बघितली नाही तुम्ही!"

"शेजार बघितला की. आजच राहायला येतो."

अप्पा नुसते धोतराचा सोगा चाळवत बसले. तेव्हा चाचांनी हातातला बोळा बाजूला ठेवला.

"शिरगुप्पे," ते म्हणाले, "मला हा शेजार नको."

माझ्या जिवात जीव आला. वाटलं, संपलं. आजोबांची रीत कामाला आली. शेजारी नको म्हणाला, आता देवसुद्धा ही खोली देऊ शकत नाही. मी चाचांचे पाय धरायचीच बाकी होते.

मास्तरांनी मात्र शांतपणे चहा संपवला. रुमालानं ओठ टिपले.

"टीबीच्या पेशंटशेजारची खोली," ते म्हणाले, "न बघता घेतो म्हणणारा माणूस तुमच्या एजन्सीला पुन्हा मिळायचा नाही. आणि तुम्ही तिघं मिळून मला नको म्हणताय. पोरगी रडतेय. म्हणजे वर कोण आहे ते मला कळलं."



"मला नुसती शंका होती," ते उठत म्हणाले. "कुणीतरी मिरजेत बघितलं म्हणालं होतं. तुम्ही लोक चांगले आहात. चांगल्या लोकांना लपवता येत नाही. माझी पोरं स्टेशनजवळ लॉजवर उतरलीत, त्यांना फोन करून येतो. ही आमच्या घरची गोष्ट आहे, बाळ. तू आता घरी जा."

कोपऱ्यावर पिवळा टेलिफोन बूथ होता. ते सावकाश तिकडं चालू लागले. एकदाही मागं बघितलं नाही त्यांनी. कशाला बघतील? गल्लीला दुसरं तोंडच नव्हतं.

अप्पा ताडकन उठले. "हुसेनभाई, टेम्पो कुठाय?"

"दारात. माल भरलाय."

"त्रिशला, पोरीला खाली आण."

मी जिना चढले तो कसा चढले देव जाणे. शैला दार उघडून उभीच होती. तिनं आवाज ओळखला होता. पाचव्या महिन्याचं पोट, ओठ पांढरेफटक. "बाबा आहेत ना?" एवढंच म्हणाली. मी तिला हाताला धरून खाली आणलं. तांदूळ निवडायचं सूप तसंच राहिलं, दिलीपचा डबा तसाच राहिला.

चाचांनी टेम्पोत सतारींच्या खोक्यांमधे तिला बसवलं आणि वर ताडपत्री ओढली. ताडपत्री पूर्ण ओढायच्या आधी अप्पा तिच्याजवळ गेले. माझे अप्पा, ज्यांनी अर्ध्या मिरजेला पत्ते दिले, ते म्हणाले, "पोरी, दिलीपला दुकानातनं उचलतील हुसेनभाई. पुढं कुठं जायचं ते मला सांगू नकोस. त्यांनाही सांगू नका. कुठल्यातरी स्टँडवर उतरा आणि मिळेल ती गाडी धरा. पत्र घालू नकोस, निरोप धाडू नकोस. माझ्याजवळ काही राहत नाही, माझ्या आई. तुला ठाऊक आहे."

तिनं अप्पांचा हात कपाळाला लावला. 

मग अप्पा निघाले ते बूथकडं. मी मागनं पळाले. तुम्हाला खोटं वाटेल, पण बूथच्या दारात आडवे उभे राहून अप्पा मास्तरांना आणखी खोल्या सांगत होते! "शनिवार पेठेत एक आहे, वरचा मजला, शेजारी पोस्टमास्तर. मालगाव रस्त्याला एक आहे, पुढं अंगण..." मास्तर फोन करून आतनं दार ढकलत होते आणि अप्पा पाठीनं दार दाबून बोलत होते. त्यांच्या समोरनं टेम्पो निघून गेला. मास्तरांनी काचेतनं तो बघितला. दार ढकलायचं थांबवलं, आणि तिथंच स्टुलावर बसून राहिले.

भाऊ आले ते जीप घेऊन. वर जाऊन खोली धुंडाळली, तांदूळ पायाखाली आले. थोरल्यानं अप्पांना भिंतीवर आपटलं, त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं. मी किंचाळत होते. तेव्हाही मास्तर म्हणाले, "नको रे. मोठी माणसं आहेत." त्याच मऊ आवाजात.

आठवडाभरानं ते पुन्हा ऑफिसात आले. एकटेच. अप्पांचा हात गळ्यात बांधलेला.

"शिरगुप्पे, खोली पाहिजे. तुमच्या ऑफिसासमोरच्या माडीवर एक मोकळी आहे ना?"

मी उठून उभी राहिले. "चालते व्हा!"

अप्पांनी मला हातानं खाली बसवलं. मग ड्रॉवरमधनं किल्ली काढून दिली. ते गेल्यावर मी आकाशपाताळ एक केलं. तर अप्पा म्हणाले, "अगं, ते कुठं बसलेत ते आपल्याला दिसलेलं बरं. नाहीतर जन्मभर प्रत्येक गिऱ्हाइकाकडं बघून छातीत धस्स होईल."

मास्तर राहिले. महिना-दोन महिने नव्हे, वर्षानुवर्षं राहिले. खिडकीत खुर्ची टाकून आमच्या दाराकडं बघत. पोस्टमन आला की खिडकीशी उठून उभे राहायचे. आमच्याकडं एखादी तरुण पोरगी आली की खाली उतरायचे, तिचं तोंड बघायचे आणि परत जायचे. सणाला आम्हाला पेढे पाठवायचे. आम्ही ते गाईला घालायचो. आमचं गिऱ्हाईक कमी झालं, म्हणजे होणारच. मी अप्पांना म्हणायचे, हाकला त्यांना. अप्पा म्हणायचे, "इथं आहेत, म्हणजे तिथं नाहीत." तिथं म्हणजे कुठं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चाचांनी त्या दोघांना कुठल्या स्टँडवर सोडलं, तेही चाचा आमच्याशी कधी बोलले नाहीत, आणि एक दिवस ते गेलेही.

मग एका उन्हाळ्यात मास्तर त्याच खुर्चीत गेले. दोघं भाऊ आले, जीपमधनं नेलं.

त्या दिवशी अप्पा लहान पोरासारखे रडले. मास्तरांसाठी नाही हो! "आता पोरीला बोलवता येईल की गं," म्हणाले. "तिची आई जिवंत असेल. पोराला आजोळ दिसेल. पण बोलवू कुठनं? अख्ख्या गावाचे पत्ते डोक्यात, आणि एक तेवढा नाही." फोनच्या रिसीव्हरवर हात ठेवून बसले होते, जसं काही आठवलं तर लगेच लावणार. मलाही राहवेना. मी म्हटलं, "पेपरात देऊ या. नाव न घालता. तिला कळेल." अप्पा मान हलवत होते. हो, देऊ या. उद्याच देऊ या.

जाहिरात अजून दिली नव्हती, तोवर तेरावं झालं आणि थोरला भाऊ आला. खांदा मोडणारा तोच. केस पांढरे व्हायला लागलेले, इस्त्रीचा सदरा. अप्पांच्या पाया पडला.

"काका, झालं गेलं विसरा," तो म्हणाला. आवाज मऊ, अगदी बापाचा. "आई अंथरुणाला खिळलीय. शैलाचं तोंड बघायचं म्हणते. आमच्या मनात आता काही नाही. पत्ता तेवढा सांगा. मी स्वतः जाऊन तिला घेऊन येतो."

माझा विश्वास बसत होता हो. खरंच बसत होता. पेपरातल्या जाहिरातीचं माझ्या जिभेवर आलं होतं, अप्पांचाही हात फोनवर गेला होता.

"मला ठाऊक नाही, बाळा," अप्पा म्हणाले. "शपथ."

त्यानं अप्पांकडं बघितलं, मग माझ्याकडं, सावकाश. मग हसला.

"असू द्या," तो म्हणाला. "बाबांची खोली कुणाला देऊ नका. पुढच्या महिन्यापासून मी राहायला येतोय."

तो रस्ता ओलांडून वर गेला. समोरची खिडकी उघडली.

अप्पांनी फोनवरचा हात काढून घेतला.

"त्रिशला," ते हळूच म्हणाले, "बरं झालं गं, मी तेव्हा तिला विचारलं नाही."